मेरी रॉबिन्सन यांच्यावर सेमिनार करायचाय? पदांची यादी सोडा, खटले धरा

लॉ कॉलेजात "कायद्याचे प्राध्यापक ते राष्ट्राध्यक्ष" असा विषय आला की सगळे थेट ओबामांवर जातात. त्यात चूक काहीच नाही, ते शिकागो विद्यापीठात बारा वर्षं संविधान शिकवत होते, पण त्यांच्यावर इतकं बोलून झालंय की समोर बसलेल्यांना तुमचं पुढचं वाक्य आधीच माहीत असतं. माझं ऐकाल तर आयर्लंडच्या मेरी रॉबिन्सन घ्या. आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष, त्याआधी ट्रिनिटी कॉलेज डब्लिनला कायद्याच्या प्राध्यापक, आणि मधली वीस वर्षं कोर्टात. ही मधली वीस वर्षं बहुतेक जण एका स्लाइडमध्ये उरकतात, आणि मला तेच सगळ्यात जास्त खटकतं, कारण बाईंचं सगळं काम त्या वीस वर्षांत आहे. म्हणून वीस-पंचवीस मिनिटांचं प्रेझेंटेशन कसं बांधायचं ते इथे सविस्तर लिहितेय.

नेहमीची पद्धत कशी असते, 1944 मध्ये जन्म, 1969 ला प्राध्यापक, त्याच वर्षी सिनेटर, 1990 ला राष्ट्राध्यक्ष, 1997 ला संयुक्त राष्ट्रसंघात, धन्यवाद. सगळं खरं, आणि ऐकणाऱ्याच्या हाती शून्य. तुम्हाला एक धागा लागतो. मला जो दिसतो तो असा, की जे संसदेत होऊ दिलं नाही ते त्यांनी कोर्टातून मिळवलं, आणि कोर्टात जी सवय लागली, म्हणजे कायद्याचा मजकूर शब्द न् शब्द वाचायचा आणि त्यात काय मना केलेलं नाही ते शोधायचं, ती सवय घेऊन त्या अशा पदावर गेल्या ज्याला अधिकार जवळपास नाहीतच. हा धागा पहिल्याच मिनिटाला सांगून टाका, लपवून ठेवू नका. पुढचं सगळं त्याच्याभोवती लावायचं.

सुरुवात जन्मापासून करू नका. सुरुवात करा 1970 च्या आसपासच्या आयर्लंडपासून, आणि तीही एका साध्या प्रश्नाने, की तिथे बाईला काय काय करता येत नव्हतं. घटस्फोट नाही, संविधानातच बंदी, ती 1995 च्या सार्वमतानंतर उठली. गर्भनिरोधकं विकणं किंवा बाहेरून आणणं 1935 च्या कायद्याने गुन्हा. सरकारी नोकरीतल्या मुलीचं लग्न झालं की नोकरी सोडावी लागायची, हा नियम 1973 पर्यंत होता. ज्युरीवर बायका जवळपास नसायच्याच, कारण 1927 चा कायदा म्हणायचा की स्वतः अर्ज केलात तरच नाव यादीत. आणि पुरुषांमधले समलैंगिक संबंध गुन्हा, तोही 1861 आणि 1885 च्या ब्रिटिश कायद्यांनी. ही यादी हळू वाचा. आपल्याकडे युरोप म्हटलं की आधीपासूनच सगळं मोकळं असेल असं डोक्यात असतं, ते आधी पुसायला हवं, नाहीतर पुढचा एकही खटला किती मोठा होता ते कळणार नाही.

मग बालपण, पण दोन मिनिटांत. मेयो परगण्यातलं बॅलिना गाव, आईवडील दोघंही डॉक्टर, चार भावांत एकटी मुलगी. घर कॅथलिक, आणि त्या काळी डब्लिनच्या आर्चबिशपनी कॅथलिकांना ट्रिनिटी कॉलेजात जायला मनाई केलेली, तिथे शिकायचं तर चर्चची परवानगी काढावी लागायची. घरच्यांनी ती काढली. ज्या कॉलेजात पाऊल ठेवायला परवानगी लागली तिथेच त्या 1969 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, रीड प्रोफेसर, म्हणजे तिथल्या कायद्याच्या एका मानाच्या खुर्चीवरच्या प्राध्यापक, झाल्या. मधे 1967-68 ला हार्वर्डमधून एलएलएम, व्हिएतनाम युद्धावरून तिकडे पोरं रस्त्यावर होती तेव्हा. एवढं पुरे.

त्याच वर्षी त्या सिनेटवर निवडून आल्या आणि इथे थांबून एक गोष्ट समजवावी लागते. आयरिश सिनेटमध्ये विद्यापीठांच्या जागा आहेत, ट्रिनिटीचे पदवीधर मत देऊन आपले तीन सिनेटर निवडायचे. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना हे सांगायला एकदम सोपं आहे, आपल्या विधान परिषदेत पदवीधर मतदारसंघ असतात ना, तसंच. बाई अपक्ष उभ्या राहिल्या, आल्या, आणि 1989 पर्यंत राहिल्या.

आता 1971. रॉबिन्सन आणि दोन सहकारी सिनेटर, जॉन हॉर्गन आणि ट्रेव्हर वेस्ट, यांनी गर्भनिरोधकांवरची बंदी उठवायचं विधेयक आणलं. ते पडलं नाही हं, पडायला आधी चर्चा तरी व्हावी लागते, त्याचं पहिलं वाचनसुद्धा होऊ दिलं नाही. चर्चच्या व्यासपीठावरून टीका, घरी शिव्यांची पत्रं. सत्ताविसाव्या वर्षी, नुकतं लग्न झालेलं असताना. लग्नाचं पण सांगा, नवरा निकोलस रॉबिन्सन प्रॉटेस्टंट, म्हणून आईवडील लग्नाला आलेच नाहीत, पुढे समेट झाला. पण हा भाग रडवेला करू नका प्लीज, बऱ्याच जणांना इथे आवाज कापरा करायचा मोह होतो आणि त्याने मुद्दा मागे पडतो. मुद्दा असा की संसदेचा दरवाजा बंद दिसल्यावर बाईंनी काय केलं. त्या वकील होत्या, 1967 पासून सनद होती, त्यांनी दुसरा दरवाजा बघितला.

इथून प्रेझेंटेशनचा गाभा. खटले बरेच आहेत पण तुम्ही तीनच घ्या आणि त्यातल्या एकालाच पोटभर वेळ द्या. माझ्या मते तो एअरी विरुद्ध आयर्लंड.

जोसी एअरी, कॉर्क शहरातली बाई, लहान वयात दुकानात कामाला लागलेली, चार मुलं. नवरा मारायचा, 1972 मध्ये कोर्टाने त्याला मारहाणीबद्दल दोषी धरून दंडही केला होता. घटस्फोट देशातच नव्हता, मिळू शकत होता तो फक्त न्यायिक विभक्तीचा, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहायचा, आदेश, आणि तो फक्त हायकोर्टातून. आणि हायकोर्टाचा खर्च कोण करणार, दिवाणी प्रकरणात मोफत वकिलाची सोयच नव्हती. एकही वकील तिला घेईना.

निकालपत्रात आकडे दिलेत, ते फळ्यावर लिहा. विरोध झाला नाही तर अशा केसला 500 ते 700 पौंड, झाला तर 800 ते 1200. डिसेंबर 1978 मध्ये एअरीबाईंची आठवड्याची हातात येणारी कमाई 39.99 पौंड. भागाकार वर्गाकडूनच करून घ्या, सगळ्यात स्वस्तात पकडलं तरी बारा आठवड्यांचा अख्खा पगार आणि नवरा लढला तर तीस आठवड्यांचा, त्यातून मुलाला खायलाही घालायचं नाही, भाडंही द्यायचं नाही असं धरून. हा हिशेब केला की वर्गात जी शांतता होते ती कुठल्याही भाषणाने होत नाही.

आयरिश सरकारचा युक्तिवाद काय होता माहितेय का, की तिला कोणी अडवलंय, वकील नसला तर स्वतः जावं हायकोर्टात, दार उघडंच आहे. यावर स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात आकडा आला, जानेवारी 1972 ते डिसेंबर 1978 या काळात आयर्लंडमध्ये अशा 255 केसेस दाखल झाल्या आणि 255 च्या 255 मध्ये अर्जदाराला वकील होता. एकही माणूस एकटा गेलेला नाही. म्हणजे दार उघडं असेलही, त्यातून वकिलाशिवाय आत गेलेलं कोणीच नाही. 9 ऑक्टोबर 1979 ला कोर्टाने निकाल दिला, हक्क कागदावरचे आणि भासापुरते असून चालत नाहीत, ते प्रत्यक्षात वापरता आले पाहिजेत. परिच्छेद 24 मध्ये हे आहे, मूळ इंग्रजीतून दोन ओळी वाचून दाखवा आणि लगेच मराठीत सांगा. एअरींच्या बाजूने उभ्या होत्या मेरी रॉबिन्सन. या निकालानंतर आयर्लंडला दिवाणी प्रकरणांसाठी मोफत कायदेशीर मदतीची योजना आणावी लागली.

योगायोग असा की त्याच 1979 मध्ये आपल्याकडे हुसैनारा खातून प्रकरण चालू होतं, बिहारच्या तुरुंगात वर्षानुवर्षं खटल्याविना पडलेली माणसं, आणि सुप्रीम कोर्टाने गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळायलाच हवा असं म्हटलं. एक दिवाणी, एक फौजदारी, दोन वेगळे देश, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. संबंध आहे असं चुकूनही सांगू नका, फक्त शेजारी ठेवा, लॉच्या पोरांना लगेच पकडता येतं.

दुसरा खटला ज्युरीचा, द बुर्का विरुद्ध अॅटर्नी जनरल. यावर दोन मिनिटं बास. मॉरीन द बुर्का आणि मेरी अँडरसन या दोन कार्यकर्त्या आरोपी होत्या आणि त्या म्हणाल्या की ज्या ज्युरीत बायका जवळपास नाहीत आणि फक्त ठरावीक मालमत्तावाले आहेत ती ज्युरी आमचा न्याय कसा करणार. रॉबिन्सन त्यांच्या वकिलांपैकी एक. डिसेंबर 1975 ला आयरिश सुप्रीम कोर्टाने 1927 च्या कायद्यातल्या त्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि 1976 ला नवा कायदा आला. गंमत बघा, संसदेत पन्नास वर्षांत जे कोणी हलवलं नाही ते एका फौजदारी केसमधून हललं.

तिसरा नॉरिस विरुद्ध आयर्लंड. डेव्हिड नॉरिस ट्रिनिटीतच इंग्रजी शिकवायचे, त्यांनी 1861 आणि 1885 च्या कायद्यांना आव्हान दिलं. हायकोर्टात हरले, 1983 ला सुप्रीम कोर्टात तीन विरुद्ध दोन असे हरले, मग स्ट्रासबर्ग, आणि 26 ऑक्टोबर 1988 ला आठ विरुद्ध सहा असे जिंकले. रॉबिन्सन त्यांच्या वकील. या केसचा शेवट मात्र इथे सांगू नका, तो राखून ठेवा, पुढे लागणार आहे.

निकाल कुठे मिळतील असं हमखास विचारतात. एअरी आणि नॉरिस दोन्ही स्ट्रासबर्ग कोर्टाच्या हुडॉक नावाच्या साइटवर फुकट आहेत. लांबी बघून घाबरू नका, सुरुवातीचा वस्तुस्थितीचा भाग आणि मग कोर्टाचं मत एवढंच आधी वाचा, बाकी नंतर. आणि कृपा करून एआयकडून सारांश काढून त्यावर बोलू नका, 255 सारखा आकडा सारांशात गळून जातो आणि सगळा जीव तिथेच आहे.

खटले झाले की लगेच हारही सांगा. हा भाग लोक गाळतात. बाई लेबर पार्टीत गेल्या, लोकसभेसारखं जे खालचं सभागृह आहे, डॉइल, त्यासाठी 1977 आणि 1981 अशा दोनदा उभ्या राहिल्या आणि दोन्ही वेळा पडल्या. 1985 ला पक्ष सोडला, कारण उत्तर आयर्लंडबद्दलचा ब्रिटन-आयर्लंड करार करताना तिथल्या युनियनवाद्यांना, म्हणजे ज्यांना ब्रिटनमध्येच राहायचं होतं त्यांना, विचारलंच नाही हे त्यांना पटलं नाही. स्वतः कॅथलिक, स्वतः दक्षिणेतल्या, आणि राजीनामा दिला तो समोरच्या बाजूला विचारलं नाही म्हणून. माझ्या दृष्टीने त्यांचा स्वभाव कळायला ही एक घटना पुरेशी आहे. तर 1989 ला चित्र असं की सिनेट सोडलेली, पक्ष नाही, थेट निवडणूक कधीच जिंकलेली नाही असंही नाही, 1979 ला डब्लिनच्या महापालिकेत गेल्या होत्या, पण मोठी एकही नाही.

आता 1990 ची निवडणूक. इथे आधी एक गोंधळ मिटवा. आयर्लंडमध्ये पंतप्रधान म्हणजे टीशॉख, आणि राष्ट्राध्यक्ष वेगळे, त्यांना उखतारान म्हणतात. टीशॉख आपल्या लोकांना लिओ वराडकरांमुळे ऐकून माहीत आहे, त्यांच्या वडिलांचं गाव मालवणकडचं वराड. राष्ट्राध्यक्षाला थेट जनता निवडते, सात वर्षांसाठी, पण राज्य चालवतो टीशॉख. 1973 नंतर या पदासाठी निवडणूकच झाली नव्हती, पक्ष आपसात ठरवून टाकायचे. लेबरचे नेते डिक स्प्रिंग यांनी रॉबिन्सन यांना उभं केलं. त्या परत पक्षात गेल्या नाहीत, पाठिंबा घेतला. मे महिन्यातच, बाकीच्यांचे उमेदवार ठरायच्या आधी, त्यांनी पश्चिम कॉर्कमधल्या अॅलिहीस नावाच्या टोकाच्या खेड्यापासून फिरायला सुरुवात केली.

समोर ब्रायन लेनिहन, उपपंतप्रधान, सगळ्यात मोठ्या फियाना फॉल पक्षाचे, लोकांत आवडते. तिसरे ऑस्टिन करी. ऑक्टोबरात लेनिहन यांचं एक प्रकरण निघालं आणि ते संविधानाच्याच कलमाचं होतं, म्हणून लॉच्या वर्गात ते नीट सांगा. आयरिश राष्ट्राध्यक्षाकडे एक खरा अधिकार आहे, बहुमत गमावलेला टीशॉख संसद विसर्जित करा म्हणाला तर नाही म्हणायचा. जानेवारी 1982 मध्ये सरकार पडलं तेव्हा राष्ट्राध्यक्ष हिलरी यांनी हा नकार द्यावा म्हणून विरोधकांकडून त्यांच्याकडे फोन गेले होते. लेनिहन टीव्हीवर म्हणाले मी केला नव्हता, आणि मग एका संशोधक विद्यार्थ्याला आधी दिलेल्या मुलाखतीची टेप बाहेर आली त्यात ते म्हणत होते मी केला होता. 31 ऑक्टोबरला त्यांना मंत्रिमंडळातून काढलं, मतदान 7 नोव्हेंबरला. आणि शेवटच्या आठवड्यात त्यांच्याच पक्षाचा एक मंत्री रेडिओवर रॉबिन्सन यांच्या कुटुंबप्रेमावर घसरला, हे आत्ताच कुठून आलं अशा सुरात, तेही बायकांना झोंबलं.

बाई टेपमुळे जिंकल्या असं कोणी म्हणेल, त्यासाठी मतमोजणी फळ्यावर मांडा. पहिल्या फेरीत लेनिहन 6,94,484, रॉबिन्सन 6,12,265, करी 2,67,902. म्हणजे टेप, हकालपट्टी, रेडिओ सगळं होऊनही लेनिहन पुढे होते. कोणीच निम्म्याच्या वर नाही म्हणून करी बाद आणि त्यांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती मोजली. त्यातल्या 2,05,565 रॉबिन्सन यांना गेल्या, 36,789 लेनिहनना, 25,548 वर पुढची पसंतीच नव्हती. अखेर 8,17,830 विरुद्ध 7,31,273. शंभरातल्या जवळपास 77 करी-मतदारांनी दुसरा आकडा बाईंसमोर लिहिला होता, तिथे निवडणूक जिंकली गेली. टेपचा परिणाम झाला का, झालाच असणार, पण मे महिन्यापासून गावोगाव फिरून मिळवलेली पहिल्या पसंतीची सहा लाख मतं नसती तर दुसऱ्या पसंतीचा काही उपयोग नव्हता.

ही पद्धत आपल्या श्रोत्यांना परकी नाही, आपल्या राष्ट्रपतींची निवडणूकही याच एकल संक्रमणीय मताने होते, फक्त मतदार आमदार-खासदार असतात. 1969 ला व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवरच निवडून आले होते, आणि गिरी तरुणपणी कायदा शिकायला कुठे होते, तर डब्लिनला. हे वर्गाला फार आवडतं, सांगाच.

आता पदाचा भाग, आणि इथे तुमचा धागा घट्ट पकडा. आयरिश राष्ट्राध्यक्षाला सरकारच्या संमतीशिवाय देशाबाहेर जाता येत नाही. राष्ट्राला उद्देशून संदेश द्यायचा तर सरकारची मंजुरी. 1991 ला बीबीसीने त्यांना एका मोठ्या व्याख्यानाला बोलावलं, टीशॉख चार्ल्स हॉही यांनी नाही म्हटलं, त्या गेल्या नाहीत. भांडल्या नाहीत, संविधान तसं म्हणतं आणि त्या संविधानाच्याच प्राध्यापक. पण काय मना नाही ते त्यांना पक्कं माहीत होतं. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या खिडकीत, म्हणजे ज्या घरात एकेकाळी ब्रिटिश व्हाइसरॉय राहायचा तिथे, त्यांनी परदेशी गेलेल्या आयरिश लोकांसाठी कायमचा दिवा लावला. दिवा लावायला कुठल्या कलमाची परवानगी लागत नाही. बायकांच्या गटांना, खेड्यातल्या संस्थांना, फिरत्या ट्रॅव्हलर समाजाच्या लोकांना त्या घरात बोलावलं. ऑक्टोबर 1992 ला दुष्काळातल्या सोमालियात गेल्या, 1994 ला नरसंहारानंतरच्या रवांडात. मे 1993 मध्ये बकिंगहॅम पॅलेसमध्ये राणीला भेटल्या, आयरिश राष्ट्राध्यक्ष आणि ब्रिटिश राजघराण्याची अशी भेट पहिलीच.

आणि पुढच्याच महिन्यात, 18 जून 1993 ला, पश्चिम बेलफास्टमध्ये स्थानिक लोकांच्या कार्यक्रमात जेरी अॅडम्स यांच्याशी हस्तांदोलन. हे किती स्फोटक होतं ते सांगितल्याशिवाय कळत नाही. अॅडम्स शिन फेन पक्षाचे, म्हणजे आयआरए या सशस्त्र संघटनेची राजकीय बाजू, आणि तेव्हा आयरिश सरकारी रेडिओ-टीव्हीवर शिन फेनच्या प्रवक्त्यांना ऐकवायलाच बंदी होती. ब्रिटिश सरकार नाराज, आणि ज्या डिक स्प्रिंगनी उमेदवारी दिली ते आता परराष्ट्रमंत्री, त्यांनाही ही भेट नको होती. त्या गेल्या. आठवतंय ना, याच बाईंनी 1985 ला युनियनवाद्यांना विचारलं नाही म्हणून पक्ष सोडला होता. दोन्ही घटना शेजारी ठेवून दाखवा, तरच ते हस्तांदोलन एका बाजूचं वाटणार नाही. त्यामुळे शांतता आली असा दावा मात्र करू नका, आयआरएची शस्त्रसंधी पुढच्या वर्षी झाली आणि त्यामागे बऱ्याच जणांचं काम होतं.

कायद्याचं काम पदावरही सुटलं नाही. राष्ट्राध्यक्षाला सल्लागार मंडळाशी बोलून एखादं विधेयक सुप्रीम कोर्टाकडे तपासायला पाठवता येतं, कलम 26. त्यांनी ते वापरलं, 1993 चं वैवाहिक घराच्या मालकीबद्दलचं विधेयक पाठवलं, कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. त्यात नवराबायकोला राहत्या घराची समान मालकी मिळणार होती, म्हणजे हेतू बाईंच्या आयुष्यभराच्या कामाशी जुळणारा, तरी शंका होती म्हणून त्यांनी ते पाठवलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता राखून ठेवलेला नॉरिसचा शेवट. स्ट्रासबर्गचा निकाल 1988 चा, पण आयर्लंडने कायदा बदलायला 1993 उजाडलं. संसदेने विधेयक मंजूर केलं आणि सहीसाठी ते गेलं राष्ट्राध्यक्षांकडे, म्हणजे ज्यांनी वकील म्हणून हा खटला चालवला त्यांच्याच टेबलावर. इथे काही बोलू नका, स्लाइडवर फक्त तारखा ठेवा, 1983, 1988, 1993.

मग उरलेल्या वर्षांना दोन मिनिटं, पण त्यातले वाईट भागही टाका, नाहीतर पहिलाच अभ्यासू परीक्षक तुम्हाला पकडेल. सप्टेंबर 1997 मध्ये, मुदत संपायला तीन महिन्यांहून थोडं कमी असताना, त्या राजीनामा देऊन संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क उच्चायुक्त झाल्या. लोकांना ते आवडलं नाही आणि पुढे त्यांनी स्वतःही त्याबद्दल खेद व्यक्त केला. 2001 ची डर्बनची वंशवादविरोधी परिषद त्यांच्याच काळात झाली, इस्रायलवरच्या भाषेवरून अमेरिका आणि इस्रायल उठून गेले. आपल्यासाठी डर्बनला आणखी एक बाजू आहे, भारतातल्या दलित संघटनांनी जातीचा प्रश्न तिथे नेला होता आणि भारत सरकारचा त्याला विरोध होता, यावर वेगळा सेमिनार होईल एवढं आहे. डिसेंबर 2018 ला दुबईच्या राजकन्या लतिफा, ज्यांचा देशातून पळून जायचा प्रयत्न फसला होता, त्यांना त्या भेटल्या, फोटो प्रसिद्ध झाले, सगळं ठीक आहे असं चित्र उभं राहिलं, आणि 2021 ला त्यांना सांगावं लागलं की आपण फसवले गेलो. मानवी हक्कांत आयुष्य घालवलेल्या बाईच्या हातून हे झालं, ते सांगताना आवाज चढवू नका आणि गाळूही नका. 2010 नंतर त्यांचा भर हवामान न्यायावर राहिला, आणि नेल्सन मंडेलांनी सुरू केलेल्या 'एल्डर्स' गटाच्या त्या 2018 पासून 2024 पर्यंत अध्यक्ष होत्या.

एक गोष्ट नक्की घ्या. रॉबिन्सन यांच्यानंतर ट्रिनिटीच्या त्या रीड प्रोफेसरच्या खुर्चीवर 1975 ला कोण आलं, मेरी मॅक्अलीस. आणि राष्ट्राध्यक्षपदावर 1997 ला कोण आलं, त्याच मेरी मॅक्अलीस, 2011 पर्यंत. कायद्याची एक खुर्ची आणि लागोपाठ दोन राष्ट्राध्यक्ष. समलैंगिकता कायद्याविरुद्धच्या मोहिमेला कायद्याचा सल्ला देणाऱ्यांतही दोघींची नावं आहेत.

वेळेचं गणित असं ठेवा, पार्श्वभूमी आणि बालपण मिळून पाच मिनिटं, खटले नऊ, निवडणूक चार, पद पाच, बाकी नंतरचं. एअरीला नऊपैकी पाच द्या. स्लाइड दहाच्या वर नकोत, आणि एका स्लाइडवर फक्त 39.99 हा आकडा. नावांचे उच्चार घरी मोठ्याने करून बघा, सिनेटला तिकडे शॅनड म्हणतात, अडखळलात की तिथे आत्मविश्वास जातो.

प्रश्नोत्तरांत एक प्रश्न नक्की येतो, की याचा आपल्याशी संबंध काय. तयार राहा. आपली राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वं आयरिश संविधानावरून घेतलीत हे तर सगळ्यांना पाठ असतं, ते सांगून थांबू नका. पुढे सांगा की 2009 ला दिल्ली हायकोर्टाने नाझ फाउंडेशनच्या निकालात समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 बद्दल लिहिताना नॉरिस विरुद्ध आयर्लंडचा आधार घेतला होता, आणि 2018 ला सुप्रीम कोर्टाने नवतेज जोहर प्रकरणात ते कलम संमतीने झालेल्या प्रौढांच्या संबंधांपुरतं रद्द केलं. नाझच्या निकालातलं ते पान छापून सोबत न्या आणि विचारणाऱ्याच्या हातात द्या.